जुन्या मालमोटारीचीं पुढचीं चाकें

आमच्या मळ्यावर १९५१ सालची शेव्हर्लेट पिकअप गाडी आहे. आमच्या आजोबांनीं ती घेतली त्या काळीं मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सचा कारखाना होता व तेथें शेव्हर्लेट मोटारी जोडल्या जात. घरांतील सर्वांचा या गाडीवर जीव आहे. परंतु गेल्या चैत्रांत कांदा घेऊन ती लासलगांवास जात असतां एका खळग्यांत उजवें चाक आदळलें, आणि पुढचीं दोन्ही चाकें अशीं थरथरूं लागलीं कीं, सुकाणूचें चक्र चालकाच्या हातून सुटावयाची वेळ आली. शेजारीं पाटाला पाणी सोडलेलें होतें. गाडी कांठावर थांबली म्हणून आमचा पुतण्या वांचला. त्याच रात्रीं ती भंगारांत घालण्याची गोष्ट घरांत निघाली, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळ तिला उत्तर नव्हतें.

बैलगाडी वळते तेव्हां तिचा आंसहि तिच्याबरोबर वळतो. या मालमोटारीचा पुढचा लोखंडी आंस मात्र पाट्यांस घट्ट बांधलेला असून जागचा हालत नाहीं. त्याच्या दोन्ही टोकांस एकेक उभी पोलादी खीळ असते व तिच्याभोंवतीं चाकाचा स्टब ॲक्सल फिरतो. हीच किंगपिन होय. तिच्या वर व खालीं काशाचे बुश असतात. ते झिजले कीं चाक डुलूं लागतें, आणि खळगा लागतांच त्या डुलण्याची थरथर होते. (शेव्हर्लेटनें १९६० सालच्या नमुन्यापासून पिकअपचें प्रत्येक पुढचें चाक स्वतंत्रपणें वरखालीं होईल अशी रचना केली, त्या गाड्यांस पुढील मजकूर लागू नाहीं.)

दोष कोठें आहे हें ओळखण्यास कारखान्यांत जावयास नको. चाक जमिनीवरून उचलावें, त्याचा माथा व तळ दोन्ही हातांनीं धरून हलवावें, आणि दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच डुलणें नाहींसें झालें तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीहि राहिलें तर किंगपिनचा. आमचें राहिलें. याचें आम्हांस नवल वाटलें, कारण दोनच वर्षांपूर्वीं तालुक्याच्या गांवीं एका मिस्त्रीनें नवे बुश घातले होते. खोलून पाहतां उलगडा झाला. बुशास ग्रीझ जाण्यासाठीं भोंक असतें. तें स्टब ॲक्सलच्या भोंकासमोर न आणतां त्यानें बुश हातोड्यानें तसाच ठोकला होता. आम्ही दर महिन्यास मोठ्या निष्ठेनें पंप मारीत होतों आणि खिळीपर्यंत वंगण पोंचतच नव्हतें!

या वेळीं काम घरींच केलें. अमेरिकेंत या जुन्या गाड्यांचे शोकीन पुष्कळ असल्यामुळें किंगपिना, बुश, बेअरिंगें व पातळ चकत्या असा संच तेथें अजून नवा तयार होतो. तो टपालानें मागविला. गाडी केवळ जॅकवर न ठेवतां आंसाखालीं साळीचे जाड ठोकळे दिले. ब्रेकची ताटली काढल्यावर ती रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये, तारेनें पाट्यास बांधावी. त्यानंतरची गोष्ट विशेष जपण्याची आहे. किंगपिन आंसांत एका आडव्या खुंटीनें अडकविलेली असते. ती खुंटी आधीं काढल्यावांचून किंगपिनवर घाव घालूं नये. घातला तर खिळीचें डोकें फुलतें व मग ती कोणत्याच बाजूनें निघत नाहीं. गंजलेली खुंटी तेल घालून रात्रभर ठेवली व सकाळीं पितळी दांड्यानें ठोकली, तेव्हां ती सुटली.

नवे बुश बसविल्यावर दोन्ही एका लांब रीमरनें एकाच रेषेंत घांसून घ्यावे लागतात. खीळ तळहाताच्या दाबानें आंत सरकावी, पण डुलूं नये, इतकेंच घांसावें. हत्यार आमच्याजवळ नव्हतें. तेवढें काम लेथवाल्याकडून समोर बसून करविलें. भार खालच्या बाजूच्या बेअरिंगवर येतो, व वरची फट पातळ चकत्यांनीं भरून काढितात.

पाटे तपासतां मधल्या बोल्टच्या भोंकापाशीं एक पाटा तडकलेला आढळला. भोंकामुळें तेथें पोलाद कमी असतें. तो बदलला, शॅकलचे बुशहि बदलले, आणि पाटे आवळणारे यू-बोल्ट पहिल्या खेपेनंतर पुन्हां आवळले. आंस तापवून थोडा वांकवावा असा सल्ला एकानें दिला होता. तो आम्ही मानला नाहीं. तापविल्यानें पोलादाचें पाणी जातें.

शेवटीं चाकांचा मेळ. दोन्ही टायरांवर मध्यभागीं खडूची खूण करून आंसाच्या उंचीवर पुढून अंतर मापलें. मग खुणा मागें येईपर्यंत गाडी ढकलून पुन्हां मापलें. पुढचें अंतर मागच्यापेक्षां एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच कमी हवें. आमचें उलट अधिक होतें. आडवा दांडा फिरवून तें जुळविलें.

दसऱ्यानंतर पुतण्यानें मका भरून गाडी त्याच रस्त्यानें, त्याच खळग्यावरून नेली. सुकाणू पूर्वींपेक्षां जड लागतें, एवढीच त्याची तक्रार आहे. बुश नवे आहेत. कांहीं दिवस लागेलच.