करसवलत कोणाला?

करसवलत ही सरकारची मेहेरबानी, असा समज आजही आढळतो. वस्तुतः ऐपतीनुसार कर हे तत्त्व मान्य केले, की सवलत त्यातूनच निघते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तत्त्वावर बोट ठेवले. तेव्हा वर्षाला २,००० रुपयांखालील मिळकतीवर आयकर नव्हता. व्यापाऱ्याला नफा झाला नाही, तर त्या वर्षी करही नसे. शेतसाऱ्याचे तसे नव्हते. पीक येवो वा बुडो, सारा ठरलेला. आणि एका एकराच्या धन्याला जो दर, तोच जहागीरदाराला. दुष्काळात सूट वा तहकुबी मिळे, पण ती आणेवारीवर आणि अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून!

आज शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे. मात्र ही माफी कोरडवाहू तुकडा कसणाऱ्याला आहे, तशीच मोठ्या बागायतदाराला आणि शेती करणाऱ्या कंपनीलाही आहे. अल्पभूधारकाचे उत्पन्न एरवीही करपात्र मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा खरा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हे उघड आहे. भूमिहीन मजुराचा तर या हिशेबात पत्ताच नाही. साबणाची वडी घेताना वस्तू व सेवा कर मात्र तो भरतोच, आणि तोही बागायतदाराच्याच दराने.