महागडा अ‍ॅम्प्लिफायर, तरी आवाज किरटा?

माळ्यावरच्या एलपी खाली आल्या, नवा अ‍ॅम्प्लिफायर आला. आवाज मात्र किरटा, दबलेला! दोष बहुधा अ‍ॅम्प्लिफायरचा नसतो. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. रेकॉर्ड प्लेअरचे मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट. शिवाय एलपी कापतानाच खर्ज घटवलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. ते पूर्ववत करायचे काम फोनो प्रीअ‍ॅम्पचे. तो वगळून वायर थेट ‘ऑक्स’मध्ये खुपसली तर गाणे खुलणार कसे? नेहमीच्या एमएम कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा प्रीअ‍ॅम्प लागतो. पुढे अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा. वॉटच्या आकड्यांवर भाळणारे नेमके हेच विचारत नाहीत! काही प्लेअरमध्ये प्रीअ‍ॅम्प आतच असतो. त्यांना मात्र ‘ऑक्स’च योग्य, ‘फोनो’त जोडल्यास आवाज फाटतो.