डोंगराचं पाणी

चांदबिबी महालाच्या वरच्या मजल्यावर वारा इतका आहे, की शेजारच्या माणसाशीसुद्धा आवाज चढवून बोलावं लागतंय. 28 मेची पहाट. मागे करंजी घाटाच्या अंगाला तांबडं फुटलंय आणि समोर पश्चिमेला नगरचे रस्त्यावरचे दिवे अजून जळताहेत. खाली पायऱ्यांशी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं डोंगर पळत चढून आली आहेत आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकताहेत. भिंगारहून येणारे दोन निवृत्त गृहस्थ कट्ट्यावर बसून कालच्या उन्हाबद्दल बोलताहेत. उत्तरेकडच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरताना दिसताहेत.

ही इमारत चांदबिबीची नाही. इथे कबर आहे ती सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची. लोकांनी मात्र ती कधीच राणीला देऊन टाकली आहे, आणि नगरकर तिला दुसऱ्या नावाने ओळखत नाही. अष्टकोनी, तिमजली, काळ्या दगडाची. आठही बाजूंना उंच कमानी. बाहेर नक्षी जवळजवळ नाहीच. भिंतीतला अरुंद जिना चढून आलं, की मधल्या घुमटाभोवतीच्या सज्ज्यातून फिरता येतं, आणि दर कमानीतून वेगळा मुलूख दिसतो. कारभार बघणाऱ्या माणसाने आपल्यासाठी अशी जागा निवडावी, हे मला फार पटतं. इथून त्याला त्याचं सगळं काम दिसत असणार.

आता उजाडलंय. शाह डोंगराचा हा माथा समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच आहे, तर खालचं शहर साडेसहाशेच्या आसपास. या उंचीवरून नगर नीट कळतं. लष्कराच्या हद्दीतली दाट झाडी आणि तिच्यात दडलेला किल्ल्याचा गोल. त्याच्या पलीकडे जुन्या गावाची दाटी. आणखी पलीकडे सीना नदीची कोरडी रेघ. भोवती उघडा माळ. आणि माळाच्या कडेने, जेऊरपासून डोंगरगणपर्यंत, हे बुटके सपाट डोंगर. सह्याद्रीचा खरा कणा इथून फार दूर, अकोले तालुक्यात आहे. कळसूबाई 1646 मीटर, हरिश्चंद्रगड, रतनगड. ढग आपलं ओझं तिकडेच उतरवतात आणि नगरच्या माळावर येईपर्यंत हलके होतात. अकोल्याच्या घाटमाथ्यावर भाताची खाचरं तुडुंब भरलेली असतात तेव्हा इथला शेतकरी बाजरी पेरून आभाळाकडे बघत असतो.

मग अशा जागी निजामशाहीची राजधानी का?

1490 साली याच तारखेला, अशाच पहाटे, मलिक अहमद, म्हणजे पुढचा अहमद निजामशहा, जेऊरच्या डोंगरातून उतरून भिंगारजवळ तळ ठोकलेल्या बहमनी फौजेवर तुटून पडला. सेनापती जहांगीरखान मारला गेला. जिथे लढाई झाली तिथे अहमदने बाग लावली आणि वाडा बांधला. चार वर्षांनी, 1494 मध्ये, सीनेच्या डाव्या तीरावर शहर वसवायला घेतलं. तोवर त्याचं बस्तान जुन्नरला होतं. शिवनेरीसारखा किल्ला उशाला आणि नाणेघाट हाताशी, म्हणजे डोंगरातल्या राजधानीला आणखी काय हवं? पण त्याचा डोळा दौलताबादवर होता. नगरची जागा जुन्नर आणि दौलताबादच्या साधारण मधोमध पडते. इथून तो दरवर्षी सुगीच्या दिवसांत दौलताबादच्या मुलखावर फौज धाडत राहिला, आणि 1499 मध्ये तो अभेद्य म्हणवणारा गड त्याच्या हाती आला. नगरच्या स्वभावात छावणी आहे ती पहिल्या दिवसापासून. आजही इथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि एरवी कुणी दचकेल असा तोफांचा आवाज नगरकराच्या कानाला लागत नाही.

पण मध्यावरची जागा हेरणं सेनापतीचं काम झालं. तिथे हजारोंनी माणसं जगवायची तर पाणी लागतं, आणि ते या डोंगरांनी दिलं.

कबरीच्या उतारावर एक धनगरबाबा मेंढरं घेऊन आलेत. मी त्यांना खालच्या पाण्याचं विचारतो. ते काठीने दक्षिणेचा उतार दाखवतात. "त्या खबदाडात पाणी ऱ्हायचं, उन्हाळ्यात पन. आमच्या आज्यानं पाह्यलेलं. आता गाडीनं पानी आनत्यात मेंढरास्नी." थोडं थांबून म्हणतात, "डोंगूर तसा देतो पाव्हनं. घ्यायला यावं लागतं."

गर्भगिरी म्हणतात या रांगेला. नाथांचा मुलूख. गोरक्षनाथाचा गड, आगडगावचा काळभैरवनाथ, वृद्धेश्वर, मायंबा, मढीचा कानिफनाथ, सगळे याच रांगेत. साधूंनी राहायला जागा निवडली तिथे झरे होते, आणि निजामशाहीच्या जाणत्यांनी नेमके तेच झरे आणि ओढे हेरले. डोंगराच्या पायथ्याशी विहिरी खणून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळांतून उतारावर सोडायचं. पक्क्या मातीचे खापरी नळ, वरून चुन्याचं वेष्टण, मध्ये मध्ये गाळ बसायला आणि हवा जायला बांधकाम. ना मोट, ना रहाट. जमिनीचा उतार तेवढा नेमका ओळखलेला. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, शहापूर, निमगाव, नेप्ती अशा कितीतरी गावांच्या बाजूने शहराकडे असे नळ आले. किल्ल्याला कापूरवाडीचं पाणी. मैलोन्‌मैल अंतर, आणि दर मैलाला जेमतेम काही हातांचा उतार. ज्यांनी तो मोजला त्या गवंड्यांची नावं कुठल्याच तवारिखेत नाहीत. मला निजामशाहीतला सगळ्यात मोठा पराक्रम विचाराल, तर मी हाच सांगेन.

महालाच्या मागच्या कमानीत येतो. तिकडे डोंगरांच्या घड्यांमध्ये भातवडी आहे, मेहेकरी नदीच्या खोऱ्यात. तिथला तलावही सलाबतखानाच्याच कारभारातला. 1624 साली मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन निजामशाहीवर चालून आल्या. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात. त्याने भातवडीचा तलाव फोडला. पाणी शत्रूच्या तळाच्या वाटांवर पसरलं, चिखलात घोडी आणि तोफा रुतल्या, दाणावैरण तुटली, आणि वर मराठ्यांचे रात्रीचे छापे. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. त्यांची समाधी भातवडीत आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची ही लढाई, आणि तीत डोंगर, पाणी आणि थोडी फौज एवढ्या भांडवलावर मोठ्या सैन्याला नमवता येतं हे दिसलं. शाळेत गनिमी काव्याचा धडा शिकवताना नगरच्या मुलांना एकदा भातवडीच्या बांधावर आणायला हवं. गाडीने जेमतेम अर्धा तास.

ऊन डोळ्यांवर यायला लागतं तसा मी खाली उतरतो. शहापूर, भिंगार. भिंगारमध्येच 1707 साली औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला. इथला आलमगीर दर्गा रस्त्यावरून दिसतो. दख्खन जिंकायला आलेला बादशहा, आणि शेवट इथल्या माळावर. तिथे फार रेंगाळत नाही. मला फराहबाग गाठायची आहे.

सोलापूर रस्त्याच्या बाजूला, काटेरी झुडपांच्या मध्ये, तो महाल एकाएकी समोर येतो. भोवतीचा तलाव कोरडा आहे. ज्या फरसबंदी वाटेने पाण्यातून महालात जायचं, तिच्या दोन्ही बाजूंना आता भेगाळलेली जमीन आणि शेळ्यांची पावलं. पहिली इमारत मुर्तजा निजामशहाला आवडली नाही म्हणून पाडली आणि नव्याने उभारली. 1583 मध्ये सलाबतखानाने ती पुरी केली. मी मधल्या दिवाणखान्यात उभा राहतो. बाहेर सकाळी नऊलाच झळा लागताहेत. आत गारवा आहे. उंच घुमटाखालून हवा फिरते आणि वरच्या मजल्याच्या कमानींतून निघून जाते. तलावात पाणी असताना ही हवा पाण्यावरून येत असेल. ते पाणी शहापूरकडून, म्हणजे मी आत्ता जिथून उतरून आलो त्या डोंगराच्या पायथ्यापासून यायचं. वजिराने डोंगरमाथ्यावर स्वतःची कबर बांधली आणि त्याच डोंगराचं पाणी खाली धन्याच्या महालाला दिलं. चुन्यातली वेलबुट्टी अजून काही ठिकाणी शाबूत आहे. तिच्यावर बदामाची चित्रं आणि नावं कोरलेली आहेत. एक तरुण जोडपं फोटो काढून निघून जातं. ताजमहालाची कल्पना इथून सुचली, असं नगरमध्ये हमखास ऐकायला मिळतं. ते खरं ठरो न ठरो, फराहबागेला ताजमहालाच्या नात्याची गरज नाही. तिला हवं आहे पाणी आणि राखण.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे तो टिकलाय. फाटकावर नोंद करून आत सोडतात. हुसेन निजामशहाने 1559 पासून जुन्या मातीच्या गढीच्या जागी हा दगडी तट बांधला. किल्ला उंचावर नाही, सपाटीवर आहे. घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, बुरूज बावीस, आणि डोंगराचं काम करायला भोवती सुमारे शंभर फूट रुंदीचा खंदक. काठावर उभं राहिलं की समजतं, की 1595-96 च्या वेढ्यात शहाजादा मुरादच्या फौजेला या तटाखाली भुयारं का खणावी लागली. आतल्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबिबी हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, आणि रातोरात दगड, माती, लाकूड, हाती येईल ते रचून सकाळपर्यंत तट पुन्हा उभा केला. वऱ्हाड देऊन तह झाला, पण शहर वाचलं. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले तेव्हा तिला तिच्याच माणसांनी मारलं, आणि किल्ला पडला.

नेत्यांच्या बराकीत मी थोडा वेळ बसतो. ऑगस्ट 1942 पासून इथे नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांना ठेवलं होतं. नेहरूंनी 1944 मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच. नेहरू या अंगणात स्वतः कुदळ घेऊन बाग खणत असत आणि खणताना त्यांना जुन्या भिंतींचे, कमानींचे अवशेष लागले होते. एवढं मात्र आहे: नगरमध्ये कुठेही दोन हात खणा, निजामशाही लागते. गटारासाठी खणा, केबलसाठी खणा, खापरी नळाचा तुकडा वर येतोच. तो दुसऱ्या दिवशी मुरुमाच्या ढिगात जातो.

दुपार कलल्यावर सीनेकाठी बागरोजाला येतो. शहर वसवणारा अहमद निजामशहा इथे काळ्या दगडाच्या साध्या, रेखीव घुमटाखाली आहे. तालिकोटच्या लढाईतल्या एका हत्तीचं थडगंही इथे दाखवतात. शहराचा स्थापना दिन म्हणून काही नगरकर आज फुलं घेऊन आलेत. एक शाळामास्तर चार मुलांना घुमटाच्या सावलीत बसवून सांगताहेत, "पाहणाऱ्यांनी त्या काळी या शहराची बरोबरी बगदाद आणि कैरोशी केली होती." एक मुलगा विचारतो, "सर, मग तेव्हा नदीला पाणी होतं का?" मास्तर पलीकडे सीनेच्या पात्राकडे पाहतात आणि म्हणतात, "शहराला होतं."

संध्याकाळी नालेगावातल्या एका बोळात मला ओळखीच्या घरी चहा आहे. आज पाण्याचा वार. सायरन नसतो, सूचना नसते, पण नळाला सूं सूं आवाज आला की अख्खा बोळ उठतो. हंडे, पिंपं, मोटारी. हे पाणी मुळा धरणाचं. राहुरी तालुक्यातल्या त्या 26 टीएमसीच्या धरणातून ते विळदच्या केंद्रावरून पंपांनी उचलून वसंत टेकडीच्या टाक्यांत चढवतात आणि तिथून शहरात सोडतात. मुळा उगम पावते हरिश्चंद्रगडाच्या रांगेत. म्हणजे नगर अजूनही डोंगराचंच पाणी पितं. फक्त आता ते विजेवर येतं, आणि वीज गेली की वार चुकतो.

घरातल्या आजी पिंप भरून झाल्यावर पदराला हात पुसत बाहेर येतात. दिवसभर मी काय पाहिलं ते ऐकून म्हणतात, "आमच्या आडात खापर होतं की. आड उपसला तेव्हा दिसलं. या भिंतीत शिरून तिकडं गेलेलं." त्या बोट दाखवतात ते शेजारच्या वाड्याकडे. त्यांचा नातू स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो मोबाइलवर नकाशा उघडतो आणि आडाच्या जागी खूण करतो.

"आजी, त्यांच्याकडेपण निघालं होतं?"

"मला काय माहीत? विचार जाऊन. त्यांचा हौद होता मोठा, बायका तिथं धुणं धुवायच्या."

नातू चपला घालतो. मीही उठतो. शेजारच्यांचं दार उघडंच आहे, आणि आत अजून पाणी भरणं चाललंय.