परसबागेसाठी जिवाणू संवर्धने

परभणी जिल्ह्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद असूनही त्याचा बराच भाग चुन्याशी बद्ध होऊन राहतो व पिकास मिळत नाही. परसबागेत ही उणीव काही अंशी सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने भरून काढता येते.

स्फुरद विरघळविणारे जिवाणू आम्ले निर्माण करून बद्ध स्फुरद मोकळे करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांत वास्तव्य करते, आपले तंतू मातीत दूरवर पसरून स्फुरद आणते व मोबदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेते. वांगी, मिरची, टोमॅटो व कांदा यांस तिचा लाभ होतो. कोबी, मुळा व पालक यांच्या मुळांशी मात्र तिचे साहचर्य जुळत नाही. त्यांवर केलेला खर्च व्यर्थ होय. शेंगवर्गीय भाज्यांस त्या त्या पिकाचे रायझोबियम वापरावे.

१०० ग्रॅम बियाण्यास अडीच ग्रॅम जिवाणू संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. मायकोरायझा रोप लावतेवेळी खड्ड्यात, मुळांस लागेल असा घालावा.

संवर्धन सजीव असते. उन्हात ठेवलेले अथवा मुदत संपलेले पाकीट निरुपयोगी ठरते. म्हणून विकत घेताना तारीख पाहावी. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात अशी संवर्धने तयार केली जातात. बियाण्यास बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, संवर्धन शेवटी.

संवर्धने शेणखताची जागा घेत नाहीत. सेंद्रिय द्रव्य व ओलावा असेल तेथेच हे सूक्ष्मजीव टिकतात व आपले कार्य करतात.