पंधरा वर्षं? ही तर सुरुवात!

पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ रोजी. चावी दिली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी, घेतली दिल्लीच्या हरपाल सिंग यांनी. २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ती गाडी त्यांच्याकडेच होती. छोटी गाडी टिकत नाही म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं!

नाव ८००, इंजिन मात्र ७९६ सीसीचं. त्याच सीसीची इंजिनं ओम्नी आणि अल्टोतही आली. म्हणूनच जुनी गाडी घेताना खपलेलं मॉडेल बघावं. पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतो आणि मेकॅनिकचा हात बसलेला असतो.

विम्याच्या हिशेबात चार वर्षं उलटली की गाडीची किंमत निम्मी धरतात. ही घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते. त्याचा ‘नो क्लेम बोनस’ मात्र तुम्हाला मिळत नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

चासी नंबर जरूर वाचा. सुरुवातीला ‘एमए३’ असेल तर मारुती, ‘एमएएल’ ह्युंदाई, ‘एमएटी’ टाटा. टायरही वय सांगतो: चौकटीतले चार आकडे २३१९ असतील, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

आपल्याकडे जुन्या गाडीचा खरा वैरी पाऊस. बॉनेट उघडा, वायपरखालची जाळी बघा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा लगदा साचतो, पाणी तुंबतं आणि कधीकधी आत उतरतं. मग पुढचं मॅट उचलून पत्र्यावर बोट फिरवा. कुबट वास, ओलसर फोम, बोटाला तांबूस भुकटी लागली, तर सौदा तिथेच थांबवा. इंजिनाचं काम करून घेता येतं. कुजलेली फ्लोअर फार महाग पडते. कोकणातली, समुद्राकाठची गाडी असेल तर खालूनही बघाच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी कमी फिरली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावं. खर्च किरकोळ, प्रश्न जिवाचा.

आणि पंधरा वर्षं झाली की गाडी सरसकट भंगारात जाते, हा गैरसमज सोडा. महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून, आरटीओची तपासणी पास झाली की खासगी गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते. त्यानंतर पुन्हा पाच. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो.