मोटरहोममागे होडी: पाण्याकाठी घाई नको

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दृश्य हमखास दिसतं. पुढे मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकाची आणि झोपायची सोय असलेलं चाकांवरचं घर आणि मागे ट्रेलरवर छोटीशी शिडाची होडी. कोनिस्टन वॉटरसारख्या सुमारे ८ किलोमीटर लांब तळ्याकाठी मुक्काम करायचा आणि सकाळचा चहा झाला की मुलांना घेऊन पाण्यात उतरायचं.

ऐकूनच मजा वाटते ना? पण या सहलीतले काही मोठे धोके तळ्यात नसून रस्त्यावर आणि काठावर असतात. ते टाळणं तुमच्याच हातात असतं.

आधी वजन पाहा

छोटी होडी तशी हलकी असते. लेझर होडीचा सांगाडा साधारण ५९ किलोचा, तर कुटुंबाला पुरेल अशा वेफेररचा १६९ किलोचा असतो. खरा प्रश्न मोटरहोमचा असतो. युरोपातल्या अनेक मोटरहोमना माणसं आणि सामान धरून ३,५०० किलोची मर्यादा असते. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच वाढतात. ट्रेलरचा हुकवर पडणारा भारही त्यातच मोजावा लागतो.

सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरू नका. हुकवरचा भार कमी झाला, तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. ब्रिटनमध्ये ट्रेलर ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. मोटरहोम भाड्याचं असेल, तर ट्रेलर जोडायची परवानगी आहे का, हे करारात आधीच वाचा.

उतारावर थांबा

पुष्कळ जण मोटरहोमच मागे घेत पाण्यापर्यंत नेतात. इथेच फसगत होते. युरोपातल्या बऱ्याच मोटरहोमची पुढची चाकं गाडी ओढतात. मागे ट्रेलरचा भार आणि खाली शेवाळलेला उतार असला की ही चाकं जागच्या जागी फिरतात. शिवाय गाडीचा लांब मागचा भाग जमिनीला घासतो आणि छोटा ट्रेलर चालकाला दिसतही नाही.

यावर सोपा उपाय आहे कॉम्बी ट्रेलर. यात रस्त्यावरच्या ट्रेलरवर होडीसकट एक हलकी हातगाडी बसवलेली असते. मोटरहोम वरच सपाट जागी उभं करा आणि हातगाडी ढकलत पाण्यात न्या. मोठ्या ट्रेलरची बेअरिंग पाण्यात बुडत नाहीत, त्यामुळे ती टिकतात.

गाडी मागे घ्यावीच लागली, तर एकाने बाहेर उभं राहावं. ती व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की लगेच ब्रेक लावा. मुलांना उतारापासून दूर, मोठ्यांच्या नजरेसमोर ठेवा.

वर पाहायला विसरू नका

डोलकाठी उभारण्यापूर्वी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहा. ॲल्युमिनिअमची डोलकाठी तारेला लागली, तर जीव जाऊ शकतो. तारेच्या नुसतं जवळ जाणंही घातक ठरतं. असे अपघात झाल्यावर अमेरिकेतल्या होबी कंपनीने आपल्या डोलकाठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं केलं. तरीही डोलकाठी उभी असताना होडी हलवण्याआधी वाटेत पुढे तारा आहेत का, ते पाहाच.

पाण्यात उतरण्याआधी ही यादी मोठ्याने वाचा:

• होडीच्या तळाचं बूच लावलं का?
• सुकाणू नीट अडकवलं का?
• सर्वांनी लाइफ जॅकेट घातलं का?
• होडीला बांधलेला दोर कोणाच्या हातात आहे?

बुचाचं काम मुलांकडे सोपवा आणि नंतर स्वतः एकदा बघा. जबाबदारी मिळाली की मुलं ती विसरत नाहीत.

परत निघताना

होडी, ट्रेलर आणि दोर तपासा, धुवा आणि पूर्ण वाळवा. एका तळ्यातली शिंपली किंवा वनस्पतीचा तुकडा दुसऱ्या तळ्यात गेला, तर तिथे त्याचा उपद्रव होऊ शकतो.

मागे कोणी रांगेत उभं असेल, तर त्यांना हसून पुढे जाऊ द्या. तुमची दहा मिनिटं जातील, पण सगळे जण सुखरूप परततील.