मासा तोच, मग भाव वेगळा का?



कारंजा असो, चुळकी नाला असो की आळंदचा अमरजा, सगळ्यांच्या जाळ्यात कटला, रोहू आणि मृगळच येतात. तरी एकाची पाटी दहाच्या आत रिकामी होते आणि दुसरा दुपारपर्यंत वितळणारा बर्फ बघत बसतो. असं का? बऱ्याचदा फरक वागण्या-बोलण्यात असतो.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्या सीमाभागात मराठी, कन्नड, दखनी तिन्ही चालतात. गिऱ्हाइकानं ‘मीन एष्ट री?’ विचारलं आणि आपण कन्नडमध्येच भाव सांगितला, तर ते दोन मिनिटं जास्त थांबतं. सरकारी कामही कन्नडमध्येच. पोरं कन्नड शिकली असतील तर ऑफिसात त्यांना सोबत न्या.

दुसरी गोष्ट शब्दाची. खानावळीला वीस किलो कबूल केलं आणि आले बाराच, तर काठावर आल्याआल्या फोन करा. तेवढ्या वेळात तो दुसरीकडून सोय करतो आणि उद्या परत तुम्हालाच विचारतो. उन्हाळ्यात जेवढा मासा तेवढाच बर्फ घाला. कल्ले उघडून दाखवा. लाल कल्ले बघितले की घासाघीस कमी होते. कालचा मासा असेल तर कालचाच म्हणून विका.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती खास होडीमालकांसाठी. वजन सगळ्यांसमोर करा. बर्फ, गाडीभाडं, जाळ्याची दुरुस्ती किती कापली ते आधी सांगा आणि वाटा त्याच दिवशी द्या. संशय आला की चांगला गडी दुसऱ्याच्या होडीवर जातो. ही वही बँकेतही उपयोगी पडते. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही लागू आहे. 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांच्या कामांना सर्वसाधारण गटात 40 टक्क्यांपर्यंत, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत मदत ठरवलेली आहे.

सगळ्यात अवघड काम म्हणजे व्यापाऱ्याशी बोलणं. अडचणीत उचल घेतली की भाव आपल्या हातात राहत नाही. म्हणून पैसे घेण्याआधीच तीन गोष्टी विचारा: भाव कोण ठरवणार, वजनात कपात किती, फेड कशी करायची? उत्तर कागदावर घ्या. आवाज चढवायची गरज नाही, पण गप्पही बसू नका. एकट्यानं बोलण्यापेक्षा दहा होड्यांनी मिळून बोललं तर व्यापारी ऐकून घेतो. संस्था त्यासाठीच आहे.

बाराव्या शतकात आपल्याच बसवकल्याणच्या अनुभव मंटपात अंबिगर चौडय्या होते. होडी वल्हवणं हे त्यांचं कायक, आणि त्यांचं बोलणं रोखठोक. नावाड्यानं मान खाली घालून बोलावं असं त्यांनी कधी मानलं नाही. आपणही मानू नये.

पुढच्या बैठकीला आपापली वही घेऊन या. घरातल्या बायकांनाही आणा. बाजारात बसून गिऱ्हाईक त्याच ओळखतात.

विना सहकार नाही उद्धार!